बुलेटला पाच गिअर, सतरा दाती आणि मोठा कार्बोरेटर : करवीरकरांनो, बोला

करवीर_३५०
राम राम मंडळी.
वडिलांची बुलेट स्टँडर्ड ३५० आता माझ्या ताब्यात आलीय. १९८९ चं मॉडेल, कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायाचा चार गिअरचा अल्बियन बॉक्स, मिककार्बचा कार्बोरेटर, पॉइंटवरचं इग्निशन. इंजिन उघडलेलं नाही, धूर नाही, ठोका सरळ.

माझी गरज दोन ठिकाणची आहे. एक, हायवेला कागल-निपाणीकडं किंवा वर साताऱ्यापर्यंत ८० नं निवांत जाता यावं. आत्ता ८० ला मिरच्या लागल्यासारखी ओरडते. दोन, सासुरवाडी वैभववाडीची. जाताना करूळ घाट उतार, पण येताना बायको, बॅग आणि आंब्याची पेटी घेऊन चढायचा. तिथं तिसऱ्यात दम टाकते आणि दुसऱ्यात नुसती बोंबलते.

एका गॅरेजवाल्यानं पॅकेजच सांगितलं : पाच गिअरचा बॉक्स, २८ मिमी गळ्याचा कार्बोरेटर, फ्री-फ्लो (मोकळा) सायलेन्सर. "शंभरला लोण्यासारखी पळंल" म्हणाला. आकडा ऐकून घरी आलो आणि हा धागा काढला. करू का? आणि करायचं तर आधी काय?

फुलेवाडी_नाका
आधी आंब्याची पेटी कमी कर भावा. सगळ्यात स्वस्त अपग्रेड.

आरएक्स_जिवंत
बुलेट विक, यामाहाची आरएक्स घे. ९८ सीसी, ११ घोडे, घाटात मागं बघायला लागत नाही. 😎

करवीर_३५०
आलास का? वडिलांची आहे, विकायचा विषय नाही.

जुनाखोड
१९८९ ची आणि इंजिन न उघडलेली? तुझ्या वडिलांना नमस्कार सांग. या गाडीत मागच्या टाचेनं दाबायचा न्यूट्रलचा छोटा लिव्हर आहे ना अजून? तो काढून टाकू नकोस कुणाच्या सांगण्यावरून. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कुठल्याही गिअरमधून थेट न्यूट्रल. ताराराणी चौकात सिग्नलला टाच मारली की काम झालं. ही सोय आताच्या लाखालाखाच्या गाड्यांना नाही. पाच गिअर घातलास की तीही गेली.

दातेमोजणी
करवीरदादा, सायलेन्सर आणि कार्बोरेटर क्षणभर बाजूला ठेवा. तुमचे दोन्ही प्रश्न गिअरिंगचे आहेत आणि ते कागदावर सुटतात. पाना उचलायच्या आधी दाते मोजायचे.

तुमच्या गाडीत इंजिनच्या स्प्रॉकेटला २५ दाते, क्लचला ५६. म्हणजे प्रायमरीचं, इंजिन ते क्लचच्या साखळीचं, प्रमाण २.२४. गिअरबॉक्सच्या बाहेरच्या स्प्रॉकेटला १६ आणि मागच्या चाकाला ३८, म्हणजे २.३७५. दोन्हींचा गुणाकार ५.३२. टॉपमध्ये बॉक्सचं प्रमाण १:१ असतं, तेव्हा मागचं चाक एकदा फिरायला इंजिन ५.३२ वेळा फिरतं.

३.२५-१९ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.०७ मीटर जातो. हिशेब केला की टॉपमध्ये :
८० ला सुमारे ३४३० आरपीएम,
१०० ला सुमारे ४२८०.

आता या इंजिनचा स्ट्रोक ९० मिमी, बोअर ७०. लांब स्ट्रोकचं इंजिन आहे, पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात १८० मिमी प्रवास करावा लागतो. ४२८० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला पावणेतेरा मीटर होतो. ओरडते ती उगाच नाही. गॅरेजवाला "शंभरला लोणी" म्हणतोय, ते लोणी पिस्टन आणि बिग एंडच्या बुशला विचारून बघा.

आता मुख्य गोष्ट. अल्बियनच्या चार गिअरची प्रमाणं २.७८, १.८४, १.३६, १. रॉयल एनफिल्डच्या पाच गिअरच्या बॉक्सची ३.०६, २.०१, १.५२, १.२१, १. शेवटचा आकडा दोन्हीकडे बघा.

धडधड
म्हणजे पाचवा गिअर म्हणजे जुना चौथाच?

दातेमोजणी
बरोबर. या बॉक्सच्या रचनेतच आहे ते. मेनशाफ्टमधून ताकद आत येते आणि त्याच अक्षावरच्या स्लीव्ह गिअरमधून बाहेर जाते. टॉप टाकला की दोन्ही एकमेकांना थेट जोडले जातात, मधल्या लेशाफ्टवरून ताकद जातच नाही. म्हणून टॉप नेहमी १:१. चारचा असो वा पाचचा. नुसता पाच गिअरचा बॉक्स बसवून ८० ला आरपीएम एकानंही कमी होणार नाही. लोक 'पाचवा' म्हटलं की ओव्हरड्राइव्ह, म्हणजे १:१ पेक्षाही लांब गिअर, समजतात, हा तो पाचवा नव्हे.

करवीर_३५०
आयला. हे त्यानं सांगितलंच नाही. मग पाच गिअर घालून मिळतं काय?

दातेमोजणी
मधल्या पायऱ्या जवळ येतात. घाटात ३५ च्या वेगाला तुमचा दुसरा गिअर सुमारे २७६० आरपीएमला असतो आणि तिसरा २०४० ला. मधे सातशेचा खड्डा. इंजिनचा टॉर्क तीन हजारांच्या आसपास चांगला भरतो, त्यामुळे २०४० ला ती दमते आणि दुसऱ्यात वेग वाढवला की लगेच बोंबलते. तुम्ही लिहिलंत तेच. पाचच्या बॉक्सचा तिसरा त्याच वेगाला २२८० ला येतो. घाटाला हा फरक जाणवतो.

हायवेचं दुखणं मात्र स्प्रॉकेटचं. पुढं १६ च्या जागी १७ घातलं की ८० ला ३४३० चे ३२२५ होतात. १८ घातलं तर ३०५०. पण सतरानं सगळेच गिअर सहा टक्क्यांनी लांब होतात, म्हणजे आरपीएम कमी आणि ओढही कमी. चार गिअर ठेवून १७ घातलंत तर हायवे सुधारेल आणि घाट बिघडेल. तिसरा ३५ ला १९२० वर येईल. एका हातानं दिलं, दुसऱ्यानं घेतलं.

पाच गिअर आणि १७ दोन्ही घातलंत, तर जुन्या १६ च्या मापात पहिला २.८८, दुसरा १.८९, तिसरा १.४३, चौथा १.१४, पाचवा ०.९४ असा हिशेब येतो. म्हणजे खालचे तीन जवळपास आजचेच, किंचित आखूड, आणि वर जुन्या चौथ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गिअर. हायवेला आराम, वारा समोरून आला की चौथा. घाट मात्र आजच्यापेक्षा जेमतेम पाच टक्के बरा. घाटच महत्त्वाचा असेल तर पाच गिअर आणि १६ ठेवा, हायवेची आशा सोडा.

तुम्ही आधी ठरवा, सासुरवाडी की सातारा.

फुलेवाडी_नाका
हा प्रश्न बायकोसमोर वाचू नकोस रे.

बुलेटवाली_इचलकरंजी
दातेमोजणी सरांचा हिशेब पटला. माझ्याकडं डाव्या पायाचा पाच गिअरचा बॉक्स कंपनीतूनच आलेला आहे, म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूनं सांगते. चौथा गिअर हीच त्या बॉक्सची कमाई. आंबा घाटात साखरप्याहून वर येताना तिसरा-चौथा एवढ्यावरच बराचसा घाट होतो, दुसरा फक्त नागमोडी वळणाला.

पण करवीरदादा, जुन्या गाडीला डाव्या पायाचा बॉक्स घालणं म्हणजे नुसता बॉक्स नव्हे. ब्रेकचा पाय उजवीकडं जातो, मागच्या ब्रेकची सगळी जोडणी बदलते, प्रायमरीच्या बाजूचा बराच संसार बदलावा लागतो. माझ्या चुलतभावानं केलं होतं. पैसे बाजूला राहू देत, पायाची सवय मोडायला त्याला बरेच महिने लागले. त्याच्या घरात दुसरी गाडी जुनीच, उजव्या पायाची. घाईच्या वेळी ब्रेक समजून गिअर दाबायचा. हे लिहिताना हसू येतंय पण तेव्हा आलं नव्हतं.

जुनाखोड
ताई म्हणतात ते खरं. उजवा पाय, पहिला वर, बाकी खाली. तीस वर्षांची सवय सहजी मोडत नाही.

धडधड
सगळे गिअरवरच बोलताय. मी २८ चा घातलाय माझ्या ३५० ला, आणि गाडी वरच्या आरपीएमला वेगळीच सुटते. नाद खुळा. कार्बोरेटर लहान असला की इंजिनाचा श्वास कोंडतो, साधी गोष्ट आहे. कंपनी ५०० ला २८ देतेच की.

उद्यमनगरी
भावा, ५०० ला देती कारण तो ५०० हाय. तेवढी हवा ओढायला सिलिंडर तेवढा लागतो की.

२४ चा गळा आणि २८ चा गळा, क्षेत्रफळ काढून बघ. छत्तीस टक्के जास्त. इंजिन तेवढंच, हवा तेवढीच, मग गळ्यातनं जाताना हवेचा वेग तेवढ्या मानानं पडणार. कार्बोरेटरमधी पेट्रोल वर येतंय ते हवेच्या वेगानं तयार होणाऱ्या ओढीवर. वेग पडला की ओढ पडली. थेंब मोठं, मिश्रण उशिरा. खालच्या आरपीएमला गाडी 'भॉक' करती आणि मग उचलती. हायवेला पूर्ण थ्रॉटल धरून बसणाऱ्याला चालंल. पण ह्यो दादा करूळ घाटात दोन हजारावर बायको घिऊन येणार हाय. तिथं २८ त्याला मारणार.

धडधड
माझी भॉक करत नाही. मी जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) बसवलेत व्यवस्थित.

उद्यमनगरी
तुझा हेड पोर्ट केलेला, म्हणजे आतली हवेची वाट घासून मोठी केलेली असंल, व्हॉल्व्ह मोठं असतील. मग गोष्ट वेगळी. सांग की तसं.

धडधड
पोर्ट केलाय, हो. व्हॉल्व्ह मूळचेच. पण तरी मी म्हणतो फरक पडतो.

उद्यमनगरी
पडतोय की. पोर्टनं पडलाय.

दातेमोजणी
दोघेही आपापल्या गाडीपुरते बरोबर आहात. धडधड, तुम्ही तो फरक कुठल्या वेगाला बघता? साठच्या वर ना? करवीरदादांचा घाट पस्तीसचा आहे.

नियमावर_बोट
कुणीतरी हे सांगायलाच हवं. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ बघा. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय की कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. फ्री-फ्लो सायलेन्सर तर रस्त्यातच धरला जातो. शिवाय १९८९ ची गाडी म्हणजे दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी, तेव्हा गाडी नेऊन दाखवायची असते. मोठा बदल करायच्या आधी आरटीओत विचारा, मेस्त्रीला नव्हे.

आरएक्स_जिवंत
आता सतरा दात्यांच्या स्प्रॉकेटला पण आरटीओ मोजणार काय 😂

नियमावर_बोट
दाते कुणी मोजत नाही हे खरं. पण जुन्या बुलेटमध्ये बॉक्स इंजिनपासून वेगळा असतो, नंबर क्रँककेसवर असतो, म्हणून "कुणाला कळणार नाही" असं मेस्त्री सांगतात. अपघात झाल्यावर विमा कंपनीला बरोबर कळतं.

बुलेटवाली_इचलकरंजी
सायलेन्सरबद्दल मी नियमावर_बोट यांच्याच बाजूनं. रात्री दवाखान्यासमोरून फटफटत जाणाऱ्यांमुळं आम्ही साध्या सायलेन्सरवाल्याही शिव्या खातो.

करवीर_३५०
सायलेन्सर बाद. वडिलांनी तसंही घरात घेतलं नसतं.
बरं, कार्बोरेटरविषयी अजून बोला. आत्ताचा २४ चाच नीट आहे का हे कसं बघायचं? आयडलिंग कधी खाली तर कधी आपोआप चढतं. सिग्नलला हात थ्रॉटलवर ठेवावा लागतो.

उद्यमनगरी
हां, आता मुद्द्यावर आलास. हेच आधी लिहायला पायजे होतं.

कार्बोरेटरची वरची टोपी उघड, स्लाइड (थ्रॉटलनं वर-खाली हुणारा दट्ट्या) बाहेर काढ. उजेडात धर. स्लाइडच्या इंजिनच्या बाजूला चकचकीत पट्टा दिसतोय का? बोटाचं नख फिरवून बघ, कड लागती का. आता तीच स्लाइड बॉडीत घाल आणि बोटानं पुढं-मागं हलव. खटखट आवाज आला की समज, स्लाइड आणि बॉडी दोन्ही झिजलीत. त्या फटीतनं फुकटची हवा आत जाती. थ्रॉटल मिटलेला असतोय आणि इंजिन हवा खातंय. कितीबी एअर स्क्रू फिरव, आयडलिंग एका जागी टिकणार न्हाई. तीस-पस्तीस वर्षांच्या कार्बोरेटरला हे व्हतंच. नुसती स्लाइड बदलून भागत न्हाई बऱ्याचदा, बॉडीबी गेलेली असती.

दुसरं, कार्बोरेटर आणि हेडच्या मधलं पॅकिंग. गाडी आयडलिंगला ठेव, सांध्यावर डब्ल्यूडी-४० चा बारीक फवारा मार. आवाज बदलला की तिथनं हवा ओढतीय. नट आवळून आवळून लोक सांध्याची कड वाकवतात आणि मग सीलंट फासतात. सीलंट फासू नको. काच घे, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर ठेव, कड घासून सपाट कर, नवीन पॅकिंग घाल.

आणि नवीन कार्बोरेटर घेतलास तर लक्ष्मीपुरीतल्या दुकानात डब्यावरचं नाव बघून भुलू नको. डबा खरा आणि आतला माल भलताच असं लई चालतंय. जेटवर आकडा नीट कोरलेला हाय का बघ. हातानं ड्रिल मारून मोठा केलेला जेट असंल तर भोकाच्या कडंला धातूची खरखरीत कड दिसती.

दातेमोजणी
उद्यमनगरी यांनी सोन्यासारखं सांगितलंय. जेटिंगचा क्रम मी जोडतो, कारण लोक कुठल्याही तक्रारीला मेन जेट बदलतात.

थ्रॉटल मिटल्यापासून साधारण पाव उघडेपर्यंत पायलट जेट आणि स्लाइडचा तिरका काप. पाव ते पाऊण सुई. पाऊणच्या वर मेन जेट. करूळ घाटात तुमचा थ्रॉटल बराच वेळ अर्ध्यावर असतो, म्हणजे सुईचं राज्य. सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण जाड होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. फुकटचं काम.

तुमच्यासारख्या व्हीएम जातीच्या कार्बोरेटरला बाजूचा स्क्रू हवेचा असतो. आत फिरवला की जाड, बाहेर की पातळ. अलीकडच्या सीव्ही कार्बोरेटरवर तो पेट्रोलचा असतो आणि दिशा उलटी. पल्सरवाल्या मित्राचा सल्ला बुलेटला लावताना एवढं ध्यानात ठेवा.

तपासणी अशी. गाडी तापवा, मोकळ्या सरळ रस्त्यावर हवा तो थ्रॉटल धरून थोडा वेळ चालवा, मग एकदम इंजिन बंद करून क्लच दाबा, आणि बाजूला घेऊन प्लग काढा. दुधाच्या कॉफीचा रंग आला की ठीक. पांढरट म्हणजे पातळ, काजळी म्हणजे जाड. आयडलिंगवर घरापर्यंत आणून प्लग बघितलात तर फक्त पायलट जेट वाचला जातो, बाकीचं काही कळत नाही.

आरएक्स_जिवंत
आता मस्करी सोडून सांगतो. टू-स्ट्रोकवाल्यांनी हे पाठ करावं. बुलेट पातळ चालली तर तापेल, खडखडेल. आमची पातळ चालली तर पिस्टन जाम, चाक लॉक. बावड्याच्या पुढं उतारावर एकाचं झालेलं डोळ्यानं बघितलंय.

करवीर_३५०
घाटात हवा विरळ म्हणून जेट लहान करा असं एकानं सांगितलं.

दातेमोजणी
कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, गगनबावडा त्याहून थोडाच वर. लडाखला निघाला असाल तर बोलू.

उलट दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीला सेन्सर आहे, ती स्वतःला सावरते. तुमच्या कार्बोरेटरला काही कळत नाही, तो जुन्याच मापानं देतो आणि गाडी आपोआप पातळ होते. १९८९ मध्ये जो जेट बरोबर होता तो आज किंचित लहान पडतो. म्हणून आधी ती सुईची खाच.

फुलेवाडी_नाका
म्हणजे आपलाच ऊस आपल्याच बुलेटला भोवला.

उद्यमनगरी
भोवला काय, कार्बोरेटरच्या बाऊलमधी (खालच्या पेट्रोलच्या वाटीत) पांढरी पावडर बघ एकदा. गाडी महिनाभर उभी राहिली की इथेनॉल पाणी धरतंय आणि ॲल्युमिनियम खातंय. ठिवायची असंल तर कॉक बंद करून बाऊल रिकामं हुईपर्यंत चालव. जुन्या रबराच्या नळ्या, ओ-रिंगा फुगतात, त्या बदलून टाक.

जुनाखोड
स्प्रॉकेटविषयी एक. बुलेटला मागचं स्प्रॉकेट वेगळं नसतं, दाते ब्रेक ड्रमलाच असतात. ते झिजले की ड्रमच बदलायचा. म्हणून लोक पुढचंच बदलतात. पण पुढचंही क्लचच्या मागं. प्रायमरी उघडा, तेल काढा, क्लच उतरवा, आतलं कव्हर काढा, मग ते दिसणार. इतर गाड्यांसारखं चौकात दहा मिनिटांत होत नाही. एवढं उघडलंच आहे तर प्रायमरीची दुहेरी साखळी आणि क्लच प्लेटा त्याच वेळी बघून घ्या. १७ घातल्यावर क्लचवर ताण वाढतो, दमलेल्या प्लेटा घाटात घसरायला लागतात.

उद्यमनगरी
आणि स्प्रॉकेट आणलास की आधी फाइल घे. दात्याच्या टोकावर हलकी मार. घसरली तर दाता कडक केलेला हाय. चावली आणि चकाकी उठली तर मऊ हाय, परत दे. मऊ दाता सहा महिन्यात हुकासारखा वाकणार. आमच्याकडं कुठलंबी स्प्रॉकेट बनवून मिळतंय, पण दाते कापणं आणि दाते कडक करणं ही दोन वेगळी कामं हायत. दुसरं काम वाचवणारे लई हायत. इंडक्शनवर कडक केलाय का, एवढंच विचार. तोंड बघून कळंल.

साखळीबी नवीनच घे. मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या बिंदूला साखळी चिमटीत धरून ओढ. अर्धा दाता उघडा पडला की साखळी गेली. जुन्या साखळीवर नवीन दाते म्हणजे पैसे पंचगंगेत.

दातेमोजणी
सतराचा एक जास्तीचा फायदा, कुणी सांगत नाही. साखळीच्या कड्यांची संख्या सम असते, आतली-बाहेरची, आतली-बाहेरची. १६ दात्यांवर एकाच दात्याला कायम एकाच प्रकारची कडी लागते. १७ ला दर फेरीत बदलते. झीज सगळीकडं सारखी.

धडधड
हे मात्र माहीत नव्हतं.

करवीर_३५०
मंडळी, काम झालं, म्हणून लिहितोय.

स्लाइड काढली. उद्यमनगरीदादांनी सांगितलं तसा चकचकीत पट्टा, आणि बॉडीत घालून हलवली तर नुसती खटखट. सांध्याची कडही वाकलेली निघाली. २४ चाच नवीन कार्बोरेटर घेतला. मेन जेट ९० चाच ठेवला, सुई एक खाच वर. आयडलिंग सुतासारखं सरळ झालं. सिग्नलला हात सोडून उभा राहतो आता.

प्रायमरी उघडली तर पुढच्या स्प्रॉकेटचे दाते आधीच हुक झालेले. बदलायचंच होतं म्हणून १७ घातलं. दुकानात फाइल काढली तेव्हा दुकानदार म्हणाला, "कुणी शिकवलं?" दुसरं स्प्रॉकेट आतून आणून दिलं. साखळी नवीन, क्लच प्लेटा नवीन. पाच गिअर घातले नाहीत. ब्रेक-गिअर पाय बदलणं मला झेपणारं नाही, आणि न्यूट्रलचा लिव्हर वडिलांना आवडतो.

हायवेला ८० ला खरंच शांत. आरशात मागची गाडी ट्रक आहे की टेम्पो हे आता कळतं.

करूळ घाट : वळणांवर दुसरा, सरळ चढावर तिसरा ओढतो. सतरा घातल्यावर घाट बिघडेल असं दातेमोजणी सरांनी सांगितलं होतं, पण आधीपेक्षा बराच वाटतोय. असं कसं?

दातेमोजणी
दात्यांनी सहा टक्के घेतले, पण झिजलेला कार्बोरेटर आणि घसरता क्लच मिळून त्याहून जास्त खात होते. आता तेच १६ वर केलंत तर घाट अजून सुधारेल. पण मग हायवे. मूळ प्रश्न तिथंच आहे.

बुलेटवाली_इचलकरंजी
वैभववाडीकर काय म्हणाल्या?

करवीर_३५०
म्हणाली, "मागच्या वेळी तू घाटात बोलत नव्हतास, या वेळी बोलत होतास." एवढंच.

आरएक्स_जिवंत
उद्यमनगरीदादा, धागा चालूच आहे तर माझंही विचारतो. आरएक्सला पुढं एक दाता कमी केला तर जोतिबाचा चढ सोपा जाईल का? की मागं दोन वाढवू?

उद्यमनगरी
चढ सोपा दोन्हीनं जाईल. पुढचा एक दाता म्हणजे मागचं अडीच-तीन दाते, एवढा हिशेब धर. पुढचं स्वस्त आणि पटकन हुतंय, पण पुढचं लहान केलंस की साखळी जास्त वाकून वळती, आवाज वाढतोय आणि झिजबी. मागचं वाढवलंस तर साखळी लांब लागणार. तुझी किती दात्याची हाय ते मोजून ये उद्या, दुकान नऊला उघडतंय. आणि येताना प्लग काढून आण, पुसू नको.